सातवा रकाना

मागच्या रविवारी नात एकूण अकरा शब्द बोलली आणि त्यातले तीन ‘हं’ होते. हा आकडा अंदाजपंचे नाही. रकानेकाकांच्या वहीत त्याची तारीखवार नोंद होती.

चौतीस वर्षं सांख्यिकी कार्यालयात तक्ते जुळवत बसलेला माणूस निवृत्तीनंतर काय मोजणार? जे हाताशी येईल ते. काकांच्या हाताशी आठवड्यातून एकदा, रविवारी संध्याकाळी पाच वाजता, आठ वर्षांची नात येई आणि तीही फोनच्या पडद्यावर. ती आणि तिचे आईवडील समुद्रापलीकडे राहत होते. इकडे संध्याकाळ झाली की तिकडे नुकतं उजाडलेलं असे. “आजोबांशी बोल गं जरा,” असं काकांची लेक म्हणे, फोन नातीच्या हातात जाई आणि कार्यक्रम सुरू होई.

“कशी आहेस?”

“बरी.”

“शाळा काय म्हणते?”

“बरी आहे.”

“मग, काय विशेष?”

“काही नाही. बाय, आजोबा.”

सव्वीस रविवारांची सरासरी काढली तर हेच निघत होतं. सर्वाधिक शब्द, एकोणीस, ती बोलली होती तो दिवस काकांना तोंडपाठ होता. पण त्यातले बरेच शब्द फोनची बॅटरी संपत आल्याबद्दल होते.

दोन वर्षांपूर्वी ती पंधरा दिवस येऊन राहिली होती, तेव्हा मात्र पोरीचं तोंड मिटत नव्हतं. जिना चढताना बोलायची, दात घासताना फेसासकट बोलायची, काका पेपर वाचत असले की पेपरच्या मागच्या बाजूने बोलायची. तेव्हा ‘हं’ म्हणण्याचं काम काकांकडे होतं. ते त्यांनी चोख केलं होतं. एकदाही पेपर खाली ठेवला नव्हता.

अशा अवस्थेत काकांना इमारतीच्या फलकावर एक पत्रक दिसलं. जागतिक बालकल्याण सर्वेक्षण. चाळीस देशांतली सहा ते बारा वयाची मुलं सुखात आहेत का, नीट शिकतात का, झोपतात किती, खेळतात किती, हे त्यांच्याच तोंडून जाणून घ्यायचं होतं. त्यासाठी स्वयंसेवक हवे होते. मानधन नव्हतं, बिल्ला होता. पण काकांची नजर अडकली ती शेवटच्या ओळीवर. ‘मुलांशी कसे बोलावे याचे दोन दिवसांचे प्रशिक्षण दिले जाईल.’

“स्वतःची नात बोलत नाही म्हणून जगातल्या पोरांना बोलतं करायला निघालेत,” काकू म्हणाल्या. काकू म्हणजे काकांची बायको, आणि सदतीस वर्षांच्या संसारात नेमक्या जागी टाचणी लावण्याचा त्यांचा नेम कधी चुकला नव्हता.

“जगातल्या नाही. आपल्या इमारतीतल्या. बारा आहेत,” काका म्हणाले.

प्रशिक्षण देणारी पर्यवेक्षक मुलगी काकांच्या लेकीपेक्षाही लहान होती. पहिल्या दिवशी तिने चौदा रकान्यांचा फॉर्म वाटला. दुसऱ्या दिवशी तिने तीन नियम सांगितले. मुलाशी बोलताना पालक नजरेच्या टप्प्यात असावेत, पण कानांच्या टप्प्यात नसावेत. उत्तर सुचवायचं नाही. आणि मूल गप्प राहिलं तर आपणही गप्प राहायचं.

“किती वेळ?” काकांनी विचारलं.

“मूल बोलेपर्यंत.”

“नाही बोललं तर?”

“बोलतात हो, काका.”

काकांनी हे वहीत उतरवून घेतलं आणि त्याखाली प्रश्नचिन्ह काढलं.

इमारतीत बातमी पसरायला एक जिना पुरला. फक्त वर जाताजाता तिचा आकार बदलला. तळमजल्यावर सर्वेक्षण होतं, पहिल्या मजल्यावर ती तपासणी झाली आणि चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत चाळीस देशांच्या मुलांमध्ये चुरशीची परीक्षा लागली होती. सेक्रेटरी बिल्ला बघायलाच आले.

“काका, आपल्या इमारतीचा नंबर वेगळा लागणार का देशात धरणार?”

“नंबर नाही लागत. हे मुलांचं सुख मोजायचं आहे.”

“तेच म्हणतोय मी. आपण सुखात मागे पडता कामा नये. मागच्या गल्लीतली इमारत बघा, तिथली मुलं आधीच हसरी आहेत.”

तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी व्यावसायिक सल्ला दिला. “मुलांची तोंडं उघडण्यात माझा जन्म गेलाय, काका. उघडणं अवघड नाही. नंतर बंद कशी करायची याचा विचार करून ठेवा.” हा सल्ला काकांनी हसण्यावारी नेला, ही त्यांची पहिली चूक.

दुसरी चूक त्यांच्या हाडात भिनलेली होती. कार्यालयात एक दंडक होता की रकाना कोरा ठेवायचा नाही. माहिती नसेल तर ‘निरंक’ लिहायचं. ज्या गावात विहीर नाही तिथे विहिरी निरंक, जिथे घोडे नाहीत तिथे घोडे निरंक. पहिल्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या सात वर्षांच्या मुलासमोर काका बसले. पहिले सहा रकाने मुलाच्या आईने स्वयंपाकघरातून ओरडून भरले. सातवा प्रश्न होता, ‘तुला कोणाला तरी सांगायची आहे पण सांगायची राहून गेली आहे, अशी एखादी गोष्ट आहे का?’ मुलाने पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. काकांनीही बघितलं. नियमाप्रमाणे दोघं दीड मिनिट अंगठा बघत बसले. मग काकांच्या हाताला राहवेना. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, निरंक.

चौथ्या दिवशी फॉर्म परत आला. पर्यवेक्षक मुलीने लाल शाईत शेरा मारला होता. ‘मूल निरंक असू शकत नाही. पुन्हा भेट घ्यावी.’

चौतीस वर्षांत काकांचा एकही तक्ता परत आला नव्हता. ते दुपारचे जेवले नाहीत. काकूंनी शेरा दोनदा वाचला आणि म्हणाल्या, “अक्षर छान आहे हो पोरीचं.”

पण खरं गाडं अडलं ते पुढेच. पहिल्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहत. सगळी इमारत त्यांना हेडबाई म्हणे आणि तेही हळू आवाजात. त्यांनी काकांकडून एक कोरा फॉर्म ‘सहज बघायला’ म्हणून नेला आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी पाच ते सहा आपल्या दिवाणखान्यात सरावाचा वर्ग सुरू केला. मुलं या वेळेला खाली खेळत असत. आता ती चटईवर ओळीने बसून सुखाची तयारी करू लागली.

“पुरेसं खेळायला मिळतं का?” हेडबाई विचारत.

“हो, बाई, मला रोज पुरेसं खेळायला मिळतं,” बारा आवाज एका सुरात म्हणत आणि खिडकीतून खालच्या मोकळ्या अंगणाकडे बघत.

आठवड्याच्या शेवटी, हेडबाईंनी प्रती काढून मुलांकडून भरून घेतलेले बारा फॉर्म काकांच्या हातात पडले आणि त्यांनी ते तसेच पुढे धाडले. बाराही मुलं रोज नऊ तास झोपत होती. बाराही जणांच्या सातव्या रकान्यात एकच वाक्य होतं. ‘माझे म्हणणे घरी व शाळेत आपुलकीने ऐकून घेतले जाते, त्यामुळे काहीही सांगायचे राहिलेले नाही.’ एकाने उत्साहाच्या भरात त्याखाली ‘उत्तर समाप्त’ असंही लिहिलं होतं.

पर्यवेक्षक मुलीने या वेळी शेरा लिहिला नाही, ती स्वतःच आली. बाराही फॉर्म काकांच्या टेबलावर ठेवून ती म्हणाली, “काका, तुम्हाला ही मुलं खरीच अशी वाटतात?”

काका निवृत्त अधिकारी असते तर रागावता तरी आलं असतं, पण ते अधिकारीही नव्हते. शेवटी ते म्हणाले, “मला मुलांशी बोलता येत नाही, बाई. खरं तर त्यासाठीच मी तुमच्याकडे आलो होतो.”

मुलीने हातातलं लाल पेन पर्समध्ये टाकलं. मग म्हणाली, “तुम्हाला बोलायचं नाहीच आहे. एकदा नुसतं थांबून बघा. घरात नको, जिन्यात बसा.”

म्हणून काकांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर घडीची खुर्ची टाकली. समोर एक स्टूल. नजरेच्या टप्प्यात आणि कानांच्या बाहेर, या नियमासाठी आया वरच्या कठड्याला रेलून उभ्या राहत. खाली काका, वर आया, जणू कोर्टाचा निकाल ऐकायला माणसं जमली आहेत.

पहिला तोच, अंगठेवाला. काकांनी सातवा प्रश्न वाचला, पेन खिशाला लावलं आणि हात मांडीवर ठेवले. मुलाने अंगठा बघितला. एक मिनिट गेलं. दोन गेली. काकांच्या ओठावर ‘घाबरू नकोस, सांग’ आलं, ते त्यांनी गिळलं. ‘शाळेतलं काही?’ आलं, तेही गिळलं. चौतीस वर्षांत त्यांनी इतके शब्द एका बैठकीत गिळले नव्हते. चौथ्या मिनिटाला मुलाने मान वर केली.

“तुम्ही विचारणार नाही परत?”

काकांनी नकारार्थी मान हलवली.

“मग सांगतो. आई रोज विचारते, आज शाळेत काय झालं. आणि मग फोन बघते. म्हणून मी रोज वेगळं सांगतो. परवा सांगितलं, बाईंना पंख फुटले. काल सांगितलं, वर्गात हत्ती आला होता.”

“मग?” हे काकांच्या तोंडून निसटलंच. नियमभंग होता, पण कुणाच्याही तोंडून निसटला असता.

“ती म्हणाली, अरे वा, छान. डबा संपवलास का?”

काकांनी लिहायला पेन काढलं आणि तसंच धरून ठेवलं. त्यांना पेपरच्या मागून येणारा एक आवाज ऐकू येत होता. तो काय सांगत होता ते आठवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. पंधरा दिवसांचं बोलणं, आणि त्यातलं एक वाक्य त्यांच्या हाती लागेना. तिथे मात्र खरोखरच निरंक होतं.

त्यानंतर दातांच्या डॉक्टरांचं भाकीत खरं ठरलं. मुलांमध्ये काय कुजबुज झाली कोण जाणे, पण संध्याकाळी जिन्यात रांग लागू लागली. फॉर्म भरून झालेली मुलंही परत येत. “माझं एक राहिलंय,” म्हणत आणि स्टुलावर बसत. एका मुलीला वीज गेलेली आवडायची, कारण तेव्हा बाबा बाहेर येऊन बसत. एकाला पोहायला यायचं नाही आणि घरी सगळ्यांना वाटायचं की येतं. एक मुलगी तीन दिवस नुसती येऊन बसली आणि चौथ्या दिवशी म्हणाली, “उद्या सांगेन.” काका चहा सोडून तिची वाट बघू लागले. हेडबाईंचा वर्ग ओस पडला.

आणि अर्थातच आयाबापांच्या पोटात दुखू लागलं. पोरं इतका वेळ सांगतात तरी काय? रविवारी सकाळी सेक्रेटरींनी गच्चीवर तातडीची सभा बोलावली. विषय एकच होता. ‘सामाईक जिन्यातील बैठक.’

“काका, गैरसमज नको,” सेक्रेटरींनी सुरुवात केली, म्हणजे गैरसमज झालेला होता. “पण मुलं आमची, जिना सोसायटीचा. ते फॉर्म एकदा वाचून दाखवा म्हणजे झालं.”

“ते गोपनीय आहेत.”

“आई-बापांपासून कसलं आलंय गोपनीय?” हेडबाई कडाडल्या. “पस्तीस वर्षं मुलं सांभाळलीत मी. माझ्यापासून कधी कुणी काही लपवलं नाही.”

मागे उभ्या असलेल्या हेडबाईंच्या चाळिशीतल्या मुलाने एकदम टाकीकडे बघायला सुरुवात केली.

भांडण हा काकांचा प्रांत नव्हता. पण फॉर्मांची पिशवी त्यांनी छातीशी धरली होती आणि ती सोडवायला दोन माणसं लागली असती. “जिना तुमचा, तर खुर्ची उचलतो,” ते म्हणाले. “फॉर्म देणार नाही. माझ्याकडे कोरे अठरा शिल्लक आहेत. ज्याला हवा त्याने न्यावा आणि घरी विचारावं. पण मध्ये बोलायचं नाही आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. याला कदाचित बराच वेळ लागेल.”

मग अंगठेवाल्याच्या आईने पुढे होऊन एक फॉर्म घेतला, कारण फुकट होता. तिच्यामागून आणखी दोघांनी घेतला. हेडबाईंनी घेतला नाही. त्यांच्या मुलाने घेतला आणि घडी करून खिशात घातला. सेक्रेटरींनी ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. जिन्यात खुर्ची टाकण्यास मनाई.

दुपारी तीनला बेल वाजली. अंगठेवाल्याची आई दारात होती आणि तिचे डोळे लाल होते.

“काका, एक विचारू? शाळेत हत्ती आला होता, असं कधी... तुम्हाला काही कल्पना?”

“मला सांगता येणार नाही.”

“माझ्या लक्षातच नव्हतं हो. तो आज म्हणाला, मी सांगितलं होतं तुला.” ती उंबऱ्यात तशीच उभी राहिली. मग म्हणाली, “पंखांचं पण सांगितलं होतं म्हणे.”

ती गेल्यावर काकांनी बारा फॉर्मांचा लिफाफा बंद केला. बिल्ला काढून कपाटात ठेवला. काकू दारातून सगळं बघत होत्या. आज त्यांनी टाचणी लावली नाही.

पाच वाजता फोन वाजला. पडद्यावर लेक दिसली, केस अर्धे बांधलेले. “बाबा, बरे आहात ना? मी जरा घाईत आहे, हिच्याशी बोला.” आणि नातीचं तोंड आलं.

“हॅलो, आजोबा.”

“हॅलो.”

पुढचा प्रश्न सवयीने ओठावर आला होता. काकांनी तो गिळला. हात मांडीवर ठेवले. नात बघत होती, ते बघत होते. दहा सेकंदं गेली.

“आई, आजोबा अडकलेत!”

“नेट गेलं असेल,” आतून लेकीचा आवाज आला. “बंद करून परत लाव.”

“नको, नको!” काका खुर्चीतून अर्धे उठले. “बंद नको करू. मी आहे.”

“मग हलत का नाही?”

“तू काही बोलशील म्हणून थांबलोय.”

“काय बोलू?”

“ते मला कुठे माहीत?”

नातीने विचार केला. “मला आत्ता नाही बोलायचंय. मी चित्र काढतेय.”

काकांनी विचारलं, “मग मी नुसता बसलो तर चालेल?”

“किती वेळ?”

“मला दुसरं काही काम नाही.”

“बरं,” म्हणून तिने फोन टेबलावर उताणा ठेवला आणि पडदा पांढरा झाला. काकांना कळायला क्षण गेला. ते छत होतं. ज्या घरात ते कधी गेले नव्हते त्या घराचं पांढरं छत, एक गोल दिवा आणि एका कपाटाचा कोपरा. मग आवाज येऊ लागले. खडू कागदावर घासल्याचा, नाक ओढल्याचा, पाय खुर्चीला आपटल्याचा. मध्येच ती काहीतरी गुणगुणली. काकांनी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि जवळ सरकले.

काकू चहा घेऊन आल्या. “काय बघताय?”

“छत.”

“कुणाचं?”

“त्यांचं.”

काकूंनी चष्मा लावला आणि खुर्ची ओढली. बराच वेळ निरखून त्या म्हणाल्या, “दिव्याशेजारी जाळं आहे.”

“हळू.”

“आजोबा, गेलात?” कागदामागून आवाज आला.

“नाही.”

“बरं.” खडू पुन्हा सुरू झाला. मग, जरा वेळाने, “हा रंग सारखा मोडतो. शाळेत पण मोडतो. शाळेत मी एकटीच बसते ना, म्हणून मला दुसऱ्याचा मागता येत नाही.”

काकूंचा हात काकांच्या मनगटावर आला आणि घट्ट झाला. काकांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. तोंडात आलेले सगळे प्रश्न, का, केव्हापासून, बाईंना सांगितलंस का, त्यांनी एकेक करून परत पाठवले. छतावर उन्हाचा एक पट्टा आला होता. तिकडे सकाळ पुढे सरकत होती.

“म्हणजे आधी एक मैत्रीण होती,” नात सांगू लागली. “पण तिला माझं बोलणं नीट कळत नाही. आणि मी हळू बोलले की तिला कंटाळा येतो.”

तेवढ्यात पडद्यावर लेकीचं तोंड आलं, वरून, हनुवटीकडून दिसणारं, कानात एकच डूल. “अगं, हा फोन चालूच आहे! बाबा, तुम्ही अजून आहात? सांगायचं नाही का?” ती फोन उचलायला वाकली आणि थांबली. तिने बाजूला, आपल्या पोरीकडे बघितलं. शेवटची वाक्यं तिने ऐकली होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“तू हे मला का नाही सांगितलंस?” ती हळूच म्हणाली.

नातीचा खडू थांबला. लेकीने आईवडिलांकडे बघितलं, जणू आता ते काहीतरी विचारतील, सुचवतील, सल्ला देतील. दोघंही गप्प होती. मग तिचं तोंड पडद्यावरून गेलं आणि पुन्हा छत आलं. फोन कुणी बंद केला नव्हता. तिकडे दुसरी खुर्ची ओढल्याचा आवाज झाला.

“बसली,” काकू कुजबुजल्या.